लाँचवरून उतरायचा मान

गोजराबाईला नातू झाल्याची बातमी मंगळवारी पलीकडून लाँचने आली, आणि बुधवारी पौडहून एसटीने सरकारी कागद आला. बातमीने ती खुलली होती, कागदाने ती कोमेजली. गरिबाला एक दिवस सुद्धा सुखाने हसू द्यायचं नाही, असा सरकारात कुठेतरी ठराव झालेला असावा.

नातू काही साधासुधा नव्हता. लेक रत्ना धरणाच्या पलीकडे जांभुळमाळला दिली त्याला नऊ वर्षं होऊन गेली होती. नऊ वर्षांत तिच्या सासूने बोलायचं ते सगळं बोलून घेतलं, नवसाचे देव संपले, आणि मग कुणाच्या ध्यानीमनी नसताना हे पोर जन्माला आलं. बारसं पुढच्या शुक्रवारी होतं. गोजराबाई मंगळवारपासूनच कुंची शिवायला बसली होती आणि येणाऱ्या जाणाऱ्याला बोलावून दाखवत होती.

पण जायचं कसं, हा प्रश्न होता. सात वर्षांपूर्वी भातखाचराचा बांध उतरताना ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. हाडवैद्याने ते बसवलं खरं, पण हाड त्याच्या स्वतःच्या सोयीने बसलं. तेव्हापासून डावा पाय नुसता सोबतीला असे. घरातल्या घरात ती काठी टेकत फिरे, अंगणात बसून सरकत सरकत जाई. लांब जायचं तर दीर भैरू तिला बैलगाडीत घालून काठावर नेई, तिथे तो आणि लाँचवाला कोंडिबा मिळून तिला भाताच्या पोत्यासारखी लाँचवर चढवत. धरणाला वळसा घालून जांभुळमाळला दहा कोस पडत, आणि तीही पायवाट, गाडी जायची सोय नाही. म्हणजे लाँच होती तरच तिला लेक होती.

कागद नेमका लाँचबद्दलच होता. आदल्या वर्षी पानशेत फुटून पुणं बुडालं, तेव्हापासून कचेरीतल्या साहेबलोकांना पाणी दिसलं की नियम सुचत. कोंडिबाने देवळापुढे माणसं जमवून कागद वाचला. लाँच बुडायला लागली तर उतारू कसे उतरणार, याची तालीम पुढच्या बुधवारी साहेबासमोर करून दाखवायची. ज्यांना चालता येत नाही त्यांची यादी करायची. भोंगा झाला की आधी यादीतली माणसं उतरवायची, मग बाकीची. यादीतलं प्रत्येक माणूस पाच मिनिटांच्या आत काठावर आलं पाहिजे. एक जरी मागे राहिलं, तर यादीतल्या कुणालाही यापुढे लाँचवर घ्यायचं नाही.

"म्हंजी मला?" गोजराबाईने विचारलं.

"सद्या तर यादीत तुमी एकल्याच हायसा, आक्का," कोंडिबा म्हणाला. "काय भिऊ नगा. पाच मिन्टात एक बाई उतरवायची, त्यात काय इशेष? आपण तालीम करू की."

कोंडिबा कामाचा माणूस. त्याने शाळेतली हाताची खुर्ची मागून आणली, तिला दोन्ही बाजूंनी दोन वेळू करकचून बांधले आणि चार दणकट गडी निवडले. शुक्रवारी सकाळी पहिली तालीम झाली. लाँच काठाला फळी टाकून उभी. भोंगा वाजला. बाकीचे उतारू दोन्ही बाजूंना सरकून उभे राहिले, गोजराबाई खुर्चीत बसली, चौघांनी वेळू खांद्यावर घेतले आणि डुलत डुलत तिला फळीवरून काठावर आणलं. दोन मिनिटं सुद्धा लागली नाहीत.

खरं सांगायचं तर गोजराबाईला ते फार आवडलं. सात वर्षांत तिला कुणी उचललं की आधी कण्हायचं आणि मग "दमानं, दमानं" म्हणत एकमेकांवर खेकसायचं. आज माणसं वाट सोडून उभी होती आणि ती सगळ्यांच्या डोक्यावरून चालली होती. तिने पदर सारखा केला आणि काठावरच्या जाऊबाईंकडे, साळूबाईकडे, असं पाहिलं की साळूबाईला हसू आवरेना.

"बया बया! पालखीच निघाली की!" साळूबाई म्हणाली.

हे बोलणं नको त्या माणसाने ऐकलं. हैबतराव पाटील तिथेच बाभळीखाली उभे होते.

आता या गावातल्या मानाची गोष्ट थोडी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कुणाला खरं वाटायचं नाही. गावात पाटलांच्या दोन पात्या, म्हणजे एकाच घराण्याच्या दोन शाखा. थोरल्या पातीचे हैबतराव, धाकट्या पातीचे जयसिंग. होळीत पहिला नारळ कुणी टाकायचा यावरून दोघांच्या बापांनी अकरा वर्षं भांडण चालवलं होतं. शेवटी तोड निघाली ती अशी: होळी थोरल्यांची, पोळा धाकट्यांचा. तेव्हापासून गावात कुठलंही नवं काही आलं की दोघेही आधी हे बघत की यात पहिलं कोण. पिठाची गिरणी आली तेव्हा पहिलं दळण कुणाचं यावरून गिरणी सतरा दिवस बंद राहिली होती आणि गाव भात खाऊन होतं. लाँच मात्र या तावडीतून सुटली होती. तिच्यातून सगळे एकदमच गर्दी करून उतरत, त्यामुळे पहिलं कोण ते कळायचंच नाही.

आता कळणार होतं. सरकारी कागदावर लिहिलेलं होतं, आधी कोण उतरणार. आणि वर खुर्ची, चार भोई, दोन्ही बाजूंना उभी माणसं. हैबतरावांच्या मिशा थरथरल्या.

"कोंडिबा," ते म्हणाले, "त्या यादीत आमचं नाव घाल."

"तुमचं? आवं पाटील, ती चालता येत न्हाई त्यांची यादी हाय."

"मग? आमचा उजवा गुडघा दुकतोय. लई दिस झालं दुकतोय. आमी बोलत न्हाई म्हून काय झालं?"

कालच ते पौडच्या बाजाराला पायी जाऊन आले होते आणि परत येताना खांद्यावर नांगराचा फाळ होता. पण पाटलाच्या गुडघ्याला खोटं कोण म्हणणार? कोंडिबाने नाव घातलं. संध्याकाळी जयसिंगरावांच्या कानावर गेलं, आणि रात्रीतून त्यांचे दोन्ही पाय गेले. सकाळी ते माणसाच्या खांद्यावर हात टाकून आले. "आमाला तर उबंच ऱ्हाता येत न्हाई," असं त्यांनी कोंडिबाला उभ्याने सांगितलं.

मग काय विचारता! थोरल्या पातीतल्या चुलत्याला कमरेत उसण भरली, धाकट्या पातीतल्या मेहुण्याला वात झाला. दोन दिवसांत यादी अकरा पाटलांची झाली. कोंडिबाने अक्कल चालवून नावं लिहिली ती गोल, चुलीवरच्या तव्यासारखी, म्हणजे वर कोण आणि खाली कोण हे कुणाला म्हणता येऊ नये. गोल भरल्यावर जागाच उरली नाही, म्हणून गोजराबाईचं नाव कोपऱ्यात गेलं. ज्या गावात सात वर्षं ती एकटी लंगडी होती, तिथे ती लंगड्यांतही बारावी झाली.

ती भैरूच्या गाडीत बसून हैबतरावांच्या दारात गेली. उतरलीच नाही, गाडीतूनच बोलली.

"पाटील, मी पदर पसरते. तुमचं पाय चांगलं हायेत. यादीतनं नाव काढा. पाच मिन्टात बारा मानसं कशी उतरायची? एक जरी ऱ्हायलं, तरी माजं जाणं बंद. पोरीला नऊ वर्सांनी पोर झालंय, मी त्येचं त्वांड बी बगितलं न्हाई अजून."

हैबतराव वाईट माणूस नव्हते. त्यांना खरोखर वाईट वाटलं. त्यांनी घरातून नातवासाठी शेरभर खारका आणवल्या. "गोजरे, तू म्हणतीस त्ये खरं हाय," ते म्हणाले. "आमी आत्ता नाव काढतो. पर आदी त्या जयसिंगाला काढाया सांग."

ती जयसिंगरावांच्या दारात गेली. तिथेही तेच उत्तर मिळालं, फक्त नाव बदललेलं. आणि तिथे खारकांऐवजी टोपडं मिळालं. घरी येईपर्यंत गाडीत बसून ती दोन्ही पात्यांच्या पूर्वजांना ओळीने नावं ठेवत होती. भैरूने बैलांना हाकलं सुद्धा नाही, ऐकत बसला.

बुधवारी आठल्ये साहेब आले. अंगाने किडकिडीत, डोक्यावर हॅट, हातात घड्याळ. बुडताना अंगात घालायचं बुचाचं जाकीट ते पुण्याहूनच घालून आले होते आणि एसटीत त्यांच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं. त्यांनी यादी पाहिली, उलटी धरली, आडवी धरली.

"हे गोल का?"

"जागा कमी पडली, सायेब," कोंडिबा म्हणाला.

"एवढ्याशा गावात बारा अपंग? पाण्यात काही दोष आहे का?"

पाण्यात दोष नव्हता, पण ते सांगायचं धाडस कुणाला झालं नाही. साहेबांनी सगळ्यांना लाँचवर बसवलं. यादीतले बारा, उचलणारे चार गडी आणि सहा सात इतर उतारू. लाँच काठाला उभी, फळी टाकलेली, फळीखाली गुडघाभर पाणी आणि त्याच्याखाली चिखल. साहेब काठावर दगडावर चढून उभे राहिले. त्यांनी नियम पुन्हा मोठ्याने वाचला. "एक जरी मागे राहिला, तरी यादीतल्या सर्वांना बंदी. लक्षात घ्या." गोजराबाईच्या लक्षात तो आठ दिवसांपासून होता. झोपेत सुद्धा तोच आठवत होता.

भोंगा वाजला.

चार गडी खुर्ची घेऊन पुढे झाले. आणि तिथेच सगळं अडलं, कारण चारांतले दोन हैबतरावांचे वाटेकरी होते आणि दोन जयसिंगरावांचे. पुढचे दोघे खुर्ची उजव्या बाकाकडे ओढायला लागले, मागचे दोघे डाव्या. खुर्ची मधोमध गरगर फिरली.

"हिकडं आन!" हैबतराव गरजले.

"आरं, तिकडं कुटं? आमचं दोनी पाय गेल्यात! त्यांचा एकच!" जयसिंगराव ओरडले.

"एकच हाय, पर तुमच्या दोनीपरीस जास्त गेलाय!"

"एक मिनिट," साहेब काठावरून म्हणाले.

चुलता आणि मेहुणा यांनी खुर्चीचा एकेक हात पकडला. दोघांच्याही कमरा त्या वेळी उत्तम चालत होत्या. वेळूचं टोक कुणाच्यातरी पागोट्यात घुसलं आणि पागोटं पाण्यात गेलं. कोंडिबा हात जोडून या बाकावरून त्या बाकाकडे पळत होता. "पाटील, दोगं बी एकदम बसा की खुर्चीत! एकमेकाच्या मांडीवर!" असंही तो बोलून गेला. दोघांनीही त्याच्याकडे असं पाहिलं की तो इंजिनापाशी जाऊन उभा राहिला.

"दोन मिनिटं."

"पाटील!" गोजराबाई कोपऱ्यातून ओरडली. "आवं, नुसतं उटून चालाया लागा! कुनी हसनार न्हाई!"

हैबतरावांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना कळत होतं, चांगलं कळत होतं. पण समोर जयसिंगराव बसले होते. "गोजरे, तू गप ऱ्हा," ते जरा खालच्या आवाजात म्हणाले. "ही मानाची गोष्ट हाय. तुला न्हाई कळायची."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, त्या मेलेल्या पायाची सुद्धा. मानाची गोष्ट! धडधाकट अकरा माणसं बाकांना चिकटून बसली होती, आणि परवा तिकडे पाळणा टांगला जाणार होता, आणि पाळण्याशी आजीची जागा रिकामी राहणार होती, या सोंगाड्या माणसांच्या न दुखणाऱ्या गुडघ्यांपायी. तिला रडू फुटलं. रडता रडताच तिने काठी उचलली आणि काठावर भिरकावली. ती साहेबांच्या दगडाशी पडली.

मग ती बाकावरून खाली बसली आणि अंगणात सरकायची तशी सरकायला लागली. दोन्ही हात टेकायचे, अंग उचलायचं, पुढे ठेवायचं. डावा पाय मागून येई. वाटेत चुलता आला, त्याला तिने कोपर मारलं. फळीच्या तोंडाशी आल्यावर खाली पाणी दिसलं आणि तिने फळीची कड घट्ट धरली. आजपर्यंत ही फळी ती दुसऱ्याच्या हातांवरच उतरली होती.

"तीन मिनिटं."

तिने पदर खोचला. फळी ओली होती, ते बरंच झालं. अर्ध्यापर्यंत ती हातांनी गेली आणि उरलेली अर्धी आपोआप. फळीच्या कडेवरून धपकन चिखलात बसली ती लुगड्यासकट, कंबरभर पाण्यात. चिखलातून रांगत, हाताला मिळेल ते गवत धरत ती काठावर आली आणि साहेबांच्या बुटाला हात लावून म्हणाली, "उतरले मी. मोजा."

साहेब घड्याळ बघायचंच विसरले होते. मग बघून म्हणाले, "चार मिनिटं... आणि दहा सेकंद."

लाँचवरची ओढाताण थांबली. खुर्ची अजून चौघांच्या हातात अधांतरी होती. कुणाला काय करावं सुचेना, आणि ते सुचेपर्यंत पाच मिनिटं झाली. साहेबांनी शिट्टी वाजवली.

निकाल त्यांनी तिथेच दगडावर बसून लिहिला. यादीतले अकरा जण मागे राहिले, सबब यादीतल्या कुणालाही लाँचवर घेऊ नये. लिहून झाल्यावर त्यांनी चिखलाने माखलेल्या गोजराबाईकडे पाहिलं.

"बाई, तुमचं काय करायचं? नियमाप्रमाणे यादीतल्या सगळ्यांना बंदी. पण तुम्ही तर स्वतः उतरलात. म्हणजे तुमचं नाव यादीत चुकून आलं असं मी लिहू शकतो. मग तुम्ही साध्या उतारू. पण मग तुम्हाला आधी उतरवणं नाही, खुर्ची नाही, कुणी वाट सोडणार नाही. चालेल?"

गोजराबाईला खुर्ची आठवली. दोन्ही बाजूंना उभी माणसं, आणि तिच्या डोक्याला लागणारा वरचा वारा. खोटं कशाला बोला, तिला हळहळ वाटली. जन्मात एकदाच ती पहिली झाली होती, तीही एका तालमीपुरती.

"काटा माजं नाव," ती म्हणाली. साहेबांनी काट मारली, आणि कुणी सांगायच्या आधीच तिने शाईत अंगठा बुडवला.

साहेब एसटीला गेले. अकरा पाटील मात्र लाँचवरच बसून राहिले, कारण आता जो चालत उतरेल त्याने सरकारला खोटं सांगितलं असं होणार, आणि तेही दुसऱ्या पातीच्या डोळ्यांदेखत. दुपारचं जेवण टळलं. घरून भाकरी आल्या, त्या बसल्या जागी खाल्ल्या. शेवटी तीनच्या फेरीची वेळ झाली तेव्हा कोंडिबाने सांगितलं की यादीतल्या माणसांना घेऊन लाँच हलवायला त्याला बंदी आहे, तो आता पाठ करून इंजिन पुसणार आहे आणि त्याला पाठीमागचं काही दिसत नाही. त्याने खरंच पाठ केली. पाठीमागे अकरा माणसांचे बावीस पाय फळीवरून एकदम धावले, आणि चार पाच जण पाण्यात पडल्याचा आवाज आला. कोण आधी उतरलं हे कोंडिबा आजही सांगत नाही.

शुक्रवारी गोजराबाई लाँचवर बसली. मांडीवर कुंची, टोपडं आणि खारका यांचं गाठोडं. पलीकडे त्याच दिवशी एका सोयऱ्याकडे साखरपुडा होता, आणि दोन्ही पाटलांना बोलावणं होतं. लाँच धरणाच्या मध्यावर आली तेव्हा दूर काठाच्या पायवाटेवर दोन पागोटी दिसली. वाट एका माणसापुरती होती, पण दोघे शेजारी शेजारीच चालले होते, त्यातला एक काटेरी झुडपांतून.

"दहा कोस," कोंडिबा म्हणाला. "दोन दिसांमागं उबं ऱ्हाता येत नव्हतं."

गोजराबाई पोट धरून हसली. मग पलीकडचा काठ जवळ आला आणि तिने पदर सारखा केला.

लाँच लागली. ती आता साधी उतारू होती. माणसं नेहमीसारखी धक्काबुक्की करत तिच्यावरून उतरली, कुणाची टोपली तिच्या डोक्याला लागली. तिने सगळ्यांना जाऊ दिलं. तिला सावकाश उतरायचं होतं, एकेक हात टेकत, लुगडं न भिजवता, कारण सासरची माणसं बघणार होती. कोंडिबाने हात पुढे केला तो तिने बाजूला सारला.

आणि मग तिला काठावर रत्ना दिसली. बारा दिवसांची बाळंतीण, कानाला फडकं बांधलेलं, छातीशी गुंडाळलेलं पोर. घरात बसून राहायचं सोडून ती इथवर आली होती. आईला बघून ती हसली आणि तशीच पुढे आली, सरळ पाण्यात, घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत.

"रत्ने!" गोजराबाई किंचाळली. "आगं ए, बाळंतीण हायस! गार पान्यात पाय? मागं सर! मागं सर म्हन्ते ना!"

"तुला घ्याया आले, आये."

"मला काय घेतीस! जलमभर पाय दुकतील, येडे!"

आणि ती निघाली. लुगडं, सासरची माणसं, एकेक हात टेकणं, सगळं विसरून तिने गाठोडं दातात धरलं आणि फळीवरून सुटली. कोंडिबा सांगतो की त्या दिवशी साहेबांचं घड्याळ असतं तर अर्धं मिनिट सुद्धा भरलं नसतं. पाण्यात बसून तिने लेकीला दोन्ही हातांनी मागे ढकललं, ढकलत ढकलत काठावर आणलं, खाली बसवलं आणि शिव्या देत देत गाठोड्यातली कोरडी कुंची काढून तिचे दोन्ही पाय घासून पुसले, बोटांच्या बेचक्यांत सुद्धा.

ते कोरडे झाल्यावर मग तिने नातवाचं तोंड पाहिलं.